उन्हाचा जमाखर्च

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे नाव कानी पडले म्हणजे मराठी वाचकाच्या मनात प्रथम श्रीगोविंदप्रभू उभे राहतात, त्यांच्यामागोमाग म्हाइंभट येतात, आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे सिद्ध झालेल्या लीळाचरित्राचे स्मरण होते. अलीकडे मराठी भाषा विद्यापीठाची स्थापनाही येथेच झाल्यामुळे या नावाला शासकीय दप्तरातही नवे वजन प्राप्त झाले आहे. अशा क्षेत्राचे नाव घेऊन घरगुती सौरविजेच्या विवेचनाचा आरंभ व्हावा, हे काही वाचकांस विजोड वाटेल. परंतु ज्या गावात माळवदाची जुनी घरे, टिनाच्या पत्र्यांची मधल्या काळातील घरे आणि सिमेंटच्या स्लॅबची नवी घरे एकाच गल्लीत नांदतात, ज्याच्या शिवारात कपाशी, तूर आणि संत्र्याच्या बागा आहेत, ज्याच्या माथ्यावर वैशाखात पंचेचाळीस अंशांचा उष्मा आणि आषाढात आठ-आठ दिवसांची झड असते, आणि ज्याची वीज लांबच्या उपकेंद्रातून तारांवर हेलकावे खात येते, ते गाव वऱ्हाडातील कोणत्याही गावाचा नमुना म्हणून पुढे ठेवता येते. शिवाय म्हाइंभटांची पद्धती येथे आठवण्यासारखी आहे. ज्यांनी पाहिले आणि ऐकले त्यांच्याकडे जाऊन एकेक लीळा त्यांनी जमविली, नागदेवाचार्यांकडून ती पारखून घेतली, आणि मगच ती लिहिली. घरात सौरवीज आणू इच्छिणाऱ्या गृहस्थाने हाच क्रम पाळावा, म्हणजे आधी स्वतःच्या घराची साक्ष काढावी आणि नंतर दुकानदाराची पायरी चढावी, एवढेच प्रस्तुत ग्रंथाचे प्रतिपाद्य आहे. बाकीचा सर्व विस्तार त्याच्याच पोटी येतो.

सूर्याकडून काम करवून घेण्याची कल्पना या प्रांतास सर्वस्वी नवी नाही. मुंबईत सरकारी नोकरीत असलेल्या विल्यम ॲडम्स नावाच्या इंग्रज गृहस्थाने सपाट आरशांची मांडणी करून सूर्याच्या उष्णतेने बाष्पपात्र तापविले, त्यावर अडीच अश्वशक्तीचा पंप चालवून दाखविला, आणि उष्ण देशांत इंधनास पर्याय म्हणून सूर्याचा उपयोग कसा करावा यावर १८७८ साली मुंबईतच एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्या पंपाचे पुढे काही झाले नाही, कारण कोळसा स्वस्त होता. प्रकाशापासून थेट वीज निर्माण होते हे फ्रान्समध्ये एदमों बेकेरेल यांनी १८३९ सालीच पाहिले होते. परंतु व्यवहारात उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा घट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ साली तयार झाला, आणि तोही पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे सहा टक्क्यांचीच वीज करीत असे. आज बाजारात सहज मिळणारे पॅनेल बावीस टक्क्यांच्या घरात पोचले आहे. भारताची सौर क्षमता २०२५ च्या आरंभी शंभर गिगावॅटच्या पलीकडे गेली. इतिहास येथेच थांबवितो. तो रम्य आहे, पण गच्चीवर चढणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग नाही.

वऱ्हाडी माणसाचा या विषयातील सर्वांत दृढ आणि सर्वांत भ्रामक समज असा की, आपल्याकडे ऊन कडक, म्हणून आपल्याकडे सोलरच्या प्लेटा इतरांहून अधिक चालतील. यात अर्धे सत्य आहे. येथे वर्षाच्या सरासरीने दर चौरस मीटरवर दररोज सुमारे पाच ते साडेपाच युनिटांइतकी सूर्यशक्ती उतरते, आणि एक किलोवॅटचा संच त्यातून दिवसाकाठी सरासरी चार युनिटे देतो. युरोपातील मेघाच्छादित देशांच्या तुलनेत ही संपत्तीच आहे. परंतु पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्मा नको असतो. त्याच्या पाठीवर जे वॅट छापलेले असतात ते प्रयोगशाळेत, घटाचे तापमान पंचवीस अंश ठेवून मोजलेले असतात. आमच्या गच्चीवर हवा पंचेचाळीस अंशांवर गेली की पॅनेलच्या आतील घट पासष्ट ते सत्तर अंशांपर्यंत तापतो, आणि प्रत्येक वाढीव अंशामागे जुन्या धाटणीच्या सिलिकॉन पॅनेलची शक्ती शेकडा ०.३५ ने घटते. पंचेचाळीस अंशांच्या वाढीला ती जवळजवळ सोळा टक्क्यांनी उतरते. म्हणजे तीन किलोवॅट म्हणून विकत घेतलेला संच मे महिन्याच्या ऐन दुपारी, आकाश निरभ्र असता, अडीच किलोवॅटच देईल. आणि यात विक्रेत्याने फसविले असे नसून वस्तूचा धर्मच तसा आहे. दिवस लांब असल्यामुळे चैत्र-वैशाखातील एकूण उत्पादन तरीही चांगलेच भरते. पण शिशिरातील स्वच्छ, थंड दुपारी तेच पॅनेल उन्हाळ्यापेक्षा उमेदीने काम करताना मापकावर दिसते, तेव्हा नवख्या मालकास मोठा अचंबा वाटतो.

या एका गोष्टीतून निवडीची सगळी दिशा बदलते. जाहिरातीत कार्यक्षमतेचा आकडा ठळक छापतात. वऱ्हाडात मात्र माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत असलेला तापमान-गुणांक आधी वाचावा. टॉपकॉन नावाच्या नव्या प्रकारात तो सुमारे ०.३० आणि हेटरोजंक्शन या त्याहून महाग प्रकारात ०.२५ च्या आसपास असतो. हा फरक दार्जिलिंगच्या घरमालकाने दुर्लक्षिला तरी चालेल. अकोल्याच्या घरमालकाने दुर्लक्षू नये. तसेच पॅनेल पत्र्याला चिकटवून बसविण्याचा जो आळशी प्रघात पडला आहे तो सोडून, मागून वारा खेळेल इतकी मोकळी जागा ठेवावी. दुहेरी काचेची, पाठीकडूनही प्रकाश घेणारी पॅनेले घेतली, तर खालच्या गच्चीवर पांढरा चुना मारल्याने दोन लाभ होतात : परावर्तित प्रकाशाची थोडी अधिक वीज मिळते, आणि खालची खोली निवते.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत २०१० साली सौरविजेच्या संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले, आणि त्या केंद्राने २०१३ पासून देशभरच्या पॅनेलांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी केली. तिचे निष्कर्ष प्रत्येक ग्राहकाने लक्षात ठेवण्याजोगे आहेत. उष्ण प्रदेशातील पॅनेलांचा ऱ्हास थंड प्रदेशातल्यापेक्षा जलद होतो, हे अपेक्षितच होते. परंतु छतांवरील लहान संचांचा ऱ्हास जमिनीवरील मोठ्या संचांपेक्षा अधिक आढळला, ही बाब विचार करावयास लावणारी आहे. मोठ्या प्रकल्पावर अभियंता असतो, मालाची तपासणी असते, कंत्राटाच्या अटी असतात. गृहस्थाच्या गच्चीवर बहुधा घाई असते. पंचवीस वर्षांनंतर सुमारे ऐंशी टक्के शक्ती शिल्लक राहील अशी हमी छापील असते खरी, पण त्या हमीचा दस्तऐवज कपाटात जपून ठेवणारी आणि त्यावरील अनुक्रमांक पॅनेलवरील क्रमांकाशी रुजवात करून पाहणारी माणसे विरळाच.

आता घराच्या साक्षीकडे वळू. ही साक्ष प्रथम वीजबिलात सापडते. म्हाइंभटांच्या महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ या सांकेतिक लिपीत लिहून ठेवले आणि त्या लिपीची उकल होण्यास विसावे शतक उजाडावे लागले. आपले वीजबिल देवनागरीतच असते, परंतु स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि सोळा टक्के वीज शुल्क या रकान्यांमुळे ते वाचकाला त्याहून सोपे वाटत असेल असे म्हणवत नाही. तरी ते वाचले पाहिजे. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर पायऱ्यांनी चढतो : पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी, शंभर ते तीनशेचा बराच अधिक, पुढे आणखी अधिक. सौरसंच बसविला की वजावट सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत महाग पायरीपासून होते. महिना २६० युनिटे वापरणाऱ्या कुटुंबाने एक किलोवॅट बसविला, तर त्याची मासिक सरासरी १२० युनिटे सगळीच्या सगळी महाग पायरीतून वजा होतात. दुसरा किलोवॅट बसविला, तर त्याच्या १२० युनिटांपैकी चाळीसच महाग पायरीतील असतात आणि ऐंशी स्वस्त पायरीतील. खर्च दोन्ही किलोवॅटांचा जवळपास सारखा, उत्पन्न मात्र असमान. आणि स्थिर आकार तर कितीही पॅनेले बसविली तरी भरावाच लागतो. ‘शून्य बिल’ हा शब्द तेवढ्यापुरता सैल समजावा.

केंद्र सरकारच्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेने, जी फेब्रुवारी २०२४ मध्ये एक कोटी घरांचे उद्दिष्ट आणि ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद घेऊन आली, या हिशेबात नवा मोह घातला आहे. पहिल्या दोन किलोवॅटांस प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्यास १८,००० असे मिळून कमाल ७८,००० रुपये अनुदान मिळते. आणि कमाल मिळते म्हणून तीनच किलोवॅट बसवावेत, असा सल्ला गावोगाव दिला जातो. ज्याचे बिल नव्वद युनिटांचे आहे त्याने तीन किलोवॅट बसविणे म्हणजे अनुदानाच्या पाठीमागे स्वतःची पुंजी धाडणे होय. उलट, पुढील दोन-तीन वर्षांत घरात विजेवरची दुचाकी, विजेची शेगडी किंवा वातानुकूलन येणार असेल, तर आजच्या बिलापेक्षा मोठा संच घेणे शहाणपणाचे ठरते. अनुदानासाठी देशी घटांपासून देशात बनलेली पॅनेलेच लागतात, आणि संच महावितरणच्या जाळ्याला जोडलेला असावा लागतो, या दोन अटी अर्ज करण्यापूर्वीच ध्यानात घ्याव्यात. दहा किलोवॅटपर्यंतच्या संचास तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीची आवश्यकता २०२४ च्या नियमदुरुस्तीने काढून टाकली, ही मात्र खरोखर दिलासा देणारी सुधारणा आहे.

बिलानंतर साक्ष गच्चीची. रिद्धपूरचा अक्षांश सुमारे एकवीस अंश. म्हणून पॅनेलचे तोंड दक्षिणेस आणि उतार त्या अंशांच्या आसपास असावा, हा सामान्य नियम. सावलीची परीक्षा मात्र उन्हाळ्यात करू नये. ज्येष्ठ-आषाढात मध्यान्हीचा सूर्य येथे डोक्याच्या किंचित उत्तरेसच असतो आणि सावल्या पायाशी गोळा होतात, त्यामुळे गच्ची निर्दोष भासते. तोच डिसेंबरअखेर सूर्य दक्षिणेस इतका कलतो की भर मध्यान्हीसुद्धा वस्तूच्या उंचीएवढी तिची सावली पडते. पाण्याची टाकी, जिन्यावरची खोली, शेजाऱ्याचा कडुनिंब यांची खरी कैफियत तेव्हाच कळते. आणि पॅनेले एका माळेत जोडलेली असल्यामुळे एकावर पडलेली सावली साऱ्या माळेचे उत्पन्न खाली ओढू शकते. आमच्या भागातील आणखी काही गोष्टी परप्रांतीय पुस्तकांत सापडणार नाहीत. काळी कापसाची माती उन्हाळ्यात भेगाळते आणि भूसंपर्काच्या, म्हणजे अर्थिंगच्या, सळईपासून सुटते. म्हणून त्या खड्ड्यात ओल राखण्याचा बंदोबस्त करावा, कारण पहिला कडकडाट रोहिणी-मृगाच्या तोंडाशी, माती सर्वांत कोरडी असतानाच होतो. दर्यापूर-अकोल्याकडील खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्याने पॅनेले धुतली तर काचेवर क्षारांचा पांढरा थर बसतो आणि धुण्याने नुकसानच होते. तेथे पावसाचे पाणी साठवावे आणि पहाटे, काच थंड असता, धुवावे. गारपिटीची परीक्षा पॅनेलने दिलेली असते, पण ती २५ मिलिमीटर व्यासाच्या गोळीची. फाल्गुनात आमच्याकडे त्याहून मोठ्या गारा पडल्याचे लोकांनी पाहिले आहे, तेव्हा विमा उतरविणे हा अतिरेक समजू नये. वानरांच्या टोळीचा उपाय मला ठाऊक नाही. तारा मात्र नळीत बंद करून घ्याव्यात.

एका प्रश्नावर या प्रांतात सर्वाधिक निराशा झालेली मी पाहिली. भर दुपारी वीज गेली, ऊन रखरखीत आहे, गच्चीवर तीन किलोवॅटचा संच आहे, आणि तरीही घरातला पंखा बंद! जाळ्याला जोडलेला साधा इन्व्हर्टर जाळ्यातील वीज जाताच स्वतःही बंद पडतो, आणि तो तसा पडलाच पाहिजे. अन्यथा खांबावर चढलेल्या लाइनमनच्या हातात, ज्या तारेत वीज नाही असे समजून त्याने हात घातला त्याच तारेत, आपल्या गच्चीवरची वीज पोचेल. गावाच्या टोकाला, म्हणजे रोहित्रापासून, ज्याला सगळे ‘डीपी’ म्हणतात, दूर असलेल्या घरात दाब मर्यादेबाहेर गेला तरी असाच खंड पडतो. ज्याच्या घरात वीज वारंवार जाते त्याने बॅटरीची सोय असलेला संकरित इन्व्हर्टर घ्यावा, किंवा निदान पुढे बॅटरी जोडता येईल असा तरी घ्यावा.

बॅटरीचा आकारही घराच्या रात्रीवरून ठरतो. जुने पंखे प्रत्येकी पंचाहत्तर वॅट खातात; चार पंखे आठ तास चालले तर सुमारे २.४ युनिटे. नव्या बीएलडीसी मोटरचे पंखे तीस वॅटवर चालतात, तेच काम एका युनिटाहून कमी विजेत होते. वऱ्हाडात उन्हाळ्याची रात्र कूलरवाचून जात नाही. त्याचे दीड युनिट धरावे. म्हणजे पंखे बदलले, तर तीन युनिटांच्या बॅटरीत दिवे, पंखे आणि कूलर पहाटेपर्यंत निभावतात. न बदलले, तर दीड युनिटाची अधिक बॅटरी विकत घ्यावी लागते. चार पंख्यांची किंमत आणि त्या अधिक बॅटरीची किंमत शेजारी-शेजारी मांडून पाहावी, दुसरा युक्तिवाद लागत नाही.

घराघरांत जिन्याखाली बसलेली शिसे-आम्लाची बॅटरी ही गास्तों प्लांते यांच्या १८५९ च्या शोधाची वंशज. आणि तापमान दहा अंशांनी वाढले की तिचे आयुष्य साधारण निम्मे होते, हे ध्यानी घेता आमच्या हवेत ती तीन-चार वर्षांत का दमते हे सांगावयास नको. लिथियमच्या बॅटऱ्यांत लोह-फॉस्फेटचा जो प्रकार आहे, तो घरासाठी योग्य मानावा : मोटारीत वापरल्या जाणाऱ्या निकेल-कोबाल्टच्या प्रकारापेक्षा तो थोडा जड, पण उष्णतेत अधिक स्थिर, आणि काही हजार भारणी-उतरणी सोसणारा. लिथियम बॅटऱ्यांचा जागतिक सरासरी भाव २०१० च्या सुमारास दर किलोवॅट-तासास हजार डॉलरांहून अधिक होता, तो २०२४ मध्ये ११५ डॉलरांवर उतरला. या उतारानेच हा विषय श्रीमंतांच्या छंदातून मध्यमवर्गाच्या विचारकक्षेत आला. तथापि कोणतीही बॅटरी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवू नये. जाड भिंतीची, उत्तरेकडची, हवेशीर आणि निजण्यासाठी न वापरली जाणारी खोली तिला द्यावी.

याहून नवे काय येऊ घातले आहे, याविषयी वर्तमानपत्रांत उत्साह पुष्कळ असतो. पेरोव्हस्काइट नावाच्या स्फटिकरचनेचा घट जपानमध्ये त्सुतोमू मियासाका यांनी २००९ साली केला तेव्हा त्याची कार्यक्षमता चार टक्क्यांहूनही कमी होती. आज सिलिकॉनच्या थरावर त्याचा थर चढवून केलेल्या जोडघटाने प्रयोगशाळेत चौतीस टक्क्यांची मर्यादा ओलांडली आहे, आणि मुंबईच्या संस्थेतही यावर काम चालू आहे. परंतु ओल, उष्णता आणि अतिनील किरण हे या द्रव्याचे तीन शत्रू, आणि वऱ्हाडात वर्षभरात तिघेही पाळीपाळीने हजेरी लावतात. पंचवीस वर्षांच्या हमीस तो पात्र ठरेपर्यंत आमच्या गच्चीने त्याची वाट पाहू नये. सोडियमच्या बॅटरीविषयी मला अधिक आशा वाटते. तिला लिथियम, कोबाल्ट लागत नाही. ती तेवढ्याच विजेसाठी अधिक जागा व्यापते, पण घराच्या कोपऱ्यात जागेची टंचाई मोटारीइतकी नसते. पुण्यातील केपीआयटी या कंपनीने तेथीलच आयसर या विज्ञानसंस्थेच्या सहकार्याने विकसित केलेले असे तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले, ही मराठी वाचकास अगत्याची वाटावी अशी वार्ता होय.

तंत्रज्ञानापेक्षा नियमांतील पालट गृहस्थाच्या हिशेबावर लवकर परिणाम करतो. आजच्या नेट मीटरिंगमध्ये दिवसा जाळ्यात सोडलेले युनिट आणि रात्री घेतलेले युनिट एकमेकांत वळते होतात, म्हणजे सबंध वितरण-जाळे आपल्याला जवळजवळ फुकट साठवण पुरविते. परंतु केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी शेतीखेरीज सर्व ग्राहकांसाठी दिवसाच्या प्रहरांनुसार दर ठरविण्याची दिशा दाखविली आहे, आणि सूर्यप्रकाशाच्या तासांतील वीज सामान्य दरापेक्षा किमान वीस टक्के स्वस्त असावी असे म्हटले आहे. ज्या दिवशी दुपारचे युनिट आणि रात्रीचे युनिट यांची किंमत घरगुती खात्यातही खरोखर वेगळी होईल, त्या दिवशी बॅटरीचा जमाखर्च पालटेल, आणि दुपारी पाणी चढविणे, कपडे धुणे, दुचाकी भारणे या सवयींना पैशाचे मोल येईल. म्हणून आज बॅटरी न घेणाऱ्यानेही तिच्यासाठी भिंतीवर जागा आणि तारेची वाट राखून ठेवावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

पुढील पहिले प्रकरण वीजबिलाच्या वाचनाने सुरू होते, दुसरे गच्चीच्या मोजणीने. पॅनेले, इन्व्हर्टर व बॅटऱ्या यांची चर्चा तिसऱ्यापासून आहे, आणि अनुदानाच्या अर्जाची रीत शेवटी मुद्दाम ठेविली आहे. वाचकाने मागील बारा महिन्यांची बिले, एक मोजपट्टी आणि घरातील प्रत्येक उपकरणाच्या पाठीवर छापलेले वॅट टिपून घेतलेला कागद हाताशी ठेवून वाचनास बसावे. बिले सापडत नसतील, तर चालू बिलावरही मागील महिन्यांचा वापर छापलेला असतो.